नकाशात गाव दिसते, वस्ती दिसत नाही!

हल्ली जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आढावा बैठकीत डोकवा, एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडा किंवा मतमोजणीच्या दिवशी टीव्हीसमोर बसा. रंगीत नकाशा हमखास समोर येतो. जिल्ह्यावर बोट ठेवले की चौकट उघडते आणि आतले आकडे दिसतात. नकाशा मोठा केला की तालुके दिसतात, आणखी मोठा केला की गावे. वर्ष बदलले की रंगही बदलतात. टॅब्लो, पॉवर बीआय यांसारखी सॉफ्टवेअरे हे काम काही मिनिटांत करून देतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर तर २००२ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी घडवलेले असून पूर्णपणे मोफत आहे. जे काम एके काळी सरकारी सर्वेक्षण खात्याशिवाय कोणाला जमत नव्हते, ते आज आमच्या वस्तीतला बारावी झालेला मुलगा जुन्या लॅपटॉपवर करू शकतो.

ही आनंदाची बाब आहे. ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नाही, त्यांच्या मुलांच्या हाती आज नकाशा आला आहे. परंतु चळवळीच्या माणसाने कोणतेही साधन हाती घेताना ते कोणी घडवले, कशासाठी घडवले आणि ते काय झाकते, हे विचारलेच पाहिजे. नकाशाला आपण पुरावा मानतो, म्हणून त्याच्याशी वाद घालत नाही. सरकारने रंग दिला की आपण तो खरा धरतो. आमचे म्हणणे असे की, या नकाशांत गाव दिसते, तालुका दिसतो, जिल्हा दिसतो, पण आमची वस्ती दिसत नाही. ती का दिसत नाही आणि ती दिसावी म्हणून आपण काय करायचे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

महाडचे तळे नकाशावर ठेवून पाहा

या सॉफ्टवेअरांत अंतर तपासण्याची एक मोठी सोय असते. एखाद्या ठिकाणाभोवती ठरावीक अंतराचे वर्तुळ काढता येते. त्याला बफर म्हणतात. शाळेभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ काढा, पाणवठ्याभोवती पाचशे मीटरचे काढा. वर्तुळाच्या आत किती घरे आली, बाहेर किती राहिली, हे सॉफ्टवेअर मोजून देते. आतल्या घरांना सोय आहे, बाहेरच्यांना नाही, असा निष्कर्ष काढून अधिकारी मोकळे होतात.

आता हेच वर्तुळ १९२६ सालच्या महाडवर ठेवा. चवदार तळे गावातच होते. बाजाराला, कचेरीच्या कामाला आलेला आमचा माणूस त्या तळ्यापासून काही पावलांवर उभा असे. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ सालीच मंजूर झाला होता. म्हणजे अंतर नव्हते आणि कायद्याची आडकाठीही नव्हती. आजच्या सॉफ्टवेअरने त्या सगळ्या परिसराला बिनदिक्कत हिरवा रंग दिला असता. पाणी उपलब्ध! पण गुरेढोरे जे पाणी पीत होती ते पाणी माणसाला पिता येत नव्हते. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो सत्याग्रहींसह तळ्याची पायरी उतरावी लागली आणि त्यानंतर लोकांना लाठ्या खाव्या लागल्या.

महाडचा संगर नकाशाच्या भाषेत सांगायचा तर एवढेच सांगता येईल की, जमिनीवरचे अंतर आणि जातीचे अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअरला पहिले अंतर मोजता येते. दुसरे अंतर मोजायला माणसाने घराघरात जाऊन विचारावे लागते. ते विचारून त्याची नोंद केली, तर मात्र हेच सॉफ्टवेअर जातीचे अंतरही लख्ख दाखवू शकते. ही नुसती आशा नव्हे. अमेरिकेत तसे घडले आहे.

नकाशाने जिंकलेला पाण्याचा खटला

अमेरिकेच्या ओहायो राज्यात झेन्सव्हिल नावाचे शहर आहे. त्याला लागून कोल रन नावाची वस्ती आहे. येथे राहणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. कोळशाच्या खाणींमुळे तिथले जमिनीतले पाणी खराब झालेले. आजूबाजूच्या गोऱ्यांच्या घरांना नळाचे पाणी मिळाले, पण कोल रनच्या कृष्णवर्णीयांना जवळपास पन्नास वर्षे ते मिळाले नाही. ते लोक छतावरचे पावसाचे पाणी साठवत, टाक्यांतून पाणी वाहून आणत. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, एकविसावे शतक उजाडल्यावरही ही परिस्थिती होती.

प्रशासनाची उत्तरे आम्हांला ओळखीची वाटतील. भूभाग अडचणीचा आहे, खर्च परवडत नाही, कोणाला मुद्दाम वगळलेले नाही. अशा उत्तरांपुढे माणूस हतबल होतो, कारण प्रत्येक घराचे कारण वेगळे सांगितले जाते. मात्र वस्तीतल्या लोकांनी दाद मागितली आणि प्रकरण संघीय न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने नकाशाचे जाणकार उभे राहिले. त्यांनी काय केले? पाणीपुरवठ्याच्या बिलांची नोंद घेतली. कोणत्या घराला बिल येते आणि कोणत्या घराला येत नाही, हे घराघरावर मांडले. दुसऱ्या थरात त्या घरात गोरे राहतात की काळे, हे मांडले. तिसऱ्या थरात जलवाहिनी मांडली. हे तीन थर एकमेकांवर ठेवल्याबरोबर चित्र बोलू लागले. नळाची रेषा आणि वर्णाची रेषा बहुतांशी एकच होती.

जुलै २००८ मध्ये ज्युरीने साठहून अधिक रहिवाशांच्या बाजूने निकाल देत जवळपास १ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरवली. एकेका घराची तक्रार 'अडचण' म्हणून उडवता येत होती. सगळी घरे एका नकाशावर आल्यावर मात्र ती अडचण राहिली नाही, तो भेदभाव ठरला.

येथे एक बाब नमूद केली पाहिजे. कोल रनचा नकाशा जिल्ह्याच्या पातळीवर केला असता तर काय दिसले असते? त्या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना पाणी मिळत होते. जिल्ह्याला चांगला रंग मिळाला असता आणि कोल रन त्या रंगात बुडून गेले असते. नकाशा घराच्या पातळीवर उतरला म्हणून न्याय मिळाला.

तंत्र नवे असले तरी विचार जुना आहे. कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरून कृष्णवर्णीय कुटुंबांची पाहणी केली आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घरांचा नकाशा छापला. ना संगणक होता ना उपग्रह. पायपीट होती आणि प्रश्नावली होती. याच द्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. दोन खंडांतले दोन पददलित समाज एकमेकांच्या लढ्याकडे पाहत होते. आज कोल रनकडे आपण त्याच नजरेने पाहावे.

रंग कसा चढवला, हे विचारा

आता आपल्या देशाच्या आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे त्या वर्षी देशात नोंदले गेले. हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकून राज्यांना छटा दिली तर सर्वांत गडद उत्तर प्रदेश होतो, कारण तिथे १५,३६८ गुन्हे आहेत. राजस्थानात ८,७५२ आणि मध्य प्रदेशात ७,७३३ गुन्हे आहेत. ही राज्ये फिकट दिसतात. महाराष्ट्र २,७४३ गुन्ह्यांसह त्याहून फिकट.

पण उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार चार कोटींहून अधिक आहे. राजस्थानात ती सव्वा कोटीच्या आतबाहेर. म्हणून गुन्ह्यांना त्या लोकसंख्येने भागून दर लाखाचे प्रमाण काढले की नकाशा पालटतो. राजस्थान ७१.६, मध्य प्रदेश ६८.२, उत्तर प्रदेश ३७.२ आणि देशाची सरासरी २८.६. आकडे तेच, सॉफ्टवेअर तेच, फक्त एक भागाकार केला आणि सर्वांत गडद राज्य बदलले. ज्याला राजस्थान झाकायचा आहे तो पहिला नकाशा दाखवील. ज्याला उत्तर प्रदेश झाकायचा आहे तो दुसरा दाखवील. दोन्ही नकाशे खरे आणि दोन्ही अर्धवट! एका राज्यात सर्वाधिक माणसे भरडली जात आहेत, तर दुसऱ्या राज्यात माणूस भरडला जाण्याचा धोका सर्वाधिक आहे. आपल्याला दोन्ही गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत. म्हणून कोणी रंगीत नकाशा पुढे केला की आपल्या कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारावा: हा रंग एकूण संख्येचा की प्रमाणाचा? आणि प्रमाणाचा असेल तर भागाकार कोणत्या लोकसंख्येने केला? २०२२ च्या गुन्ह्यांना २०११ च्या लोकसंख्येने भागावे लागते, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. अकरा वर्षांत जन्मलेली आमची लेकरे या भागाकारात धरलेलीच नाहीत.

सॉफ्टवेअरची आणखी एक खोड सांगतो. महाराष्ट्राची २०११ ची जनगणना ३५ जिल्ह्यांची आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि जिल्हे ३६ झाले. जुने आकडे नव्या सीमांच्या नकाशाला जोडले की पालघर कोरा राहतो आणि ठाण्याला दोन जिल्ह्यांचे आकडे चिकटतात. ज्या पालघरात आदिवासी बांधव मोठ्या संख्येने राहतात तो जिल्हाच नकाशातून गायब! तसेच औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर अशा जुन्या नावांनी भरलेली यादी नव्या नावांच्या नकाशाशी जुळत नाही. शिवाय औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर आपला ठिपका थेट बिहारात नेऊन ठेवू शकते. म्हणून नावावर विसंबू नका. सरकारने प्रत्येक राज्य, जिल्हा, तालुका व गावाला दिलेला सांकेतिक क्रमांक यादीत टाका आणि त्यावरून जोडणी करा. जोडून झाल्यावर कोणता जिल्हा कोरा राहिला, हे डोळ्यांत तेल घालून तपासा.

कोरा म्हणजे शांत नव्हे

नोंद झालेल्या गुन्ह्यांचा नकाशा हा अत्याचारांचा नकाशा असतो का? मुळीच नाही. तो नोंदींचा नकाशा असतो. जिथे समाज संघटित आहे, जिथे कार्यकर्ता पोलीस ठाण्यात ठाण मांडून बसतो, तिथे गुन्हे नोंदले जातात आणि तो तालुका गडद दिसतो. जिथे एक-दोन घरे आहेत, जिथे पाटलाच्या शेतावर मजुरीला गेल्याशिवाय चूल पेटत नाही, तिथे तक्रारच होत नाही. तो तालुका नकाशावर स्वच्छ दिसतो. हा स्वच्छपणा भीतीचा असू शकतो.

खैरलांजीचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची अमानुष हत्या झाली. अख्खा महाराष्ट्र पेटून उठला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना खुनाबद्दल शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा आरोप मान्य केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तो मान्य केला नाही. आता विचार करा. 'ॲट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा झालेली प्रकरणे' असा फिल्टर लावून महाराष्ट्राचा नकाशा काढला तर खैरलांजीच्या जागी एकही ठिपका येणार नाही. ज्या गावाचे नाव घेतले की आजही अंगावर काटा येतो, ते गाव नकाशावर कोरे! फिल्टर हा नुसता सॉफ्टवेअरमधला पर्याय नसतो. तो कोणी निवडला यावर काय दिसेल हे ठरते.

सीमा कोण आखतो?

या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. रंग भरण्याआधी कोणीतरी सीमा आखतो. त्या सीमेच्या आत जे जे आहे त्याची सरासरी काढली जाते आणि सगळ्याला एकच रंग मिळतो. सीमा मोठी असली की थोड्यांचे दुःख बहुतांच्या सुखात विरघळते. बाबासाहेबांनी ही गोष्ट १९१९ मध्येच साऊथबरो कमिटीपुढे मांडली होती. मतदारसंघ केवळ भूभागावरून आखले, तर सगळीकडे विखुरलेला आणि सगळीकडे अल्पसंख्य असलेला अस्पृश्य समाज कुठेच निवडून येऊ शकणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. ते मतदारसंघाबद्दल बोलत होते. पण मतदारसंघ म्हणजे तरी काय? नकाशावरची एक रेषाच! जे प्रतिनिधित्वाला लागू आहे, तेच आकडेवारीलाही लागू आहे.

आपले गाव हे कधीच एक गाव नव्हते. गावाचे दोन भाग, एक वेशीच्या आतला आणि एक बाहेरचा, हे वास्तव बाबासाहेबांनी आपल्या लेखनातून जगापुढे ठेवले. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना गावाचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी खडसावले, तेही याच अनुभवातून. आजचा रंगीत नकाशा नकळत त्याच गोडव्यांना बळी पडतो. तो गावाला एक ठिपका किंवा एक तुकडा मानतो आणि एकच रंग देतो. गावात पाणीयोजना झाली, गाव हिरवे. गावात अंगणवाडी आहे, गाव हिरवे. नळकोंडाळे वेशीच्या कोणत्या बाजूला आहे, अंगणवाडी कोणत्या आळीत आहे, हे त्या हिरव्या रंगाला विचारता येत नाही.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. सॅम ॲशर, पॉल नोव्होसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या शहरी व ग्रामीण मिळून सुमारे १५ लाख वस्त्यांचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. मुस्लीम आणि अनुसूचित जातींचे वेगळे वसणे भारतात इतके तीव्र आहे की ते अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या विभागणीच्या थोडेच खाली येते. शहरांमध्ये या वस्त्यांत सार्वजनिक सोयी पद्धतशीरपणे कमी आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा भेदभाव मुख्यतः एकाच शहरातल्या वस्त्या-वस्त्यांमध्ये होतो, त्यामुळे नेहमीच्या मोठ्या पातळीवरच्या आकडेवारीत तो दिसतच नाही. गाव सोडून शहरात गेल्याने जात सुटते, असे सांगणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर पाहावा.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. कोणाच्याही पत्त्यात जात असू नये. परंतु नाव पुसले म्हणून वेस पुसली गेली काय? महारवाड्याचे समतानगर झाले, पण रस्ता, गटार आणि पाणी समतेने आले काय? पाटी बदलल्यावर हा प्रश्न विचारण्यासाठी वस्तीची हद्द आणि तिथल्या सोयींची नोंद सरकारदप्तरी कायम असली पाहिजे. नाहीतर दलित वस्ती सुधारणेचा निधी कोणत्या आळीत खर्च झाला हे नकाशावर दाखवायलाच जागा उरणार नाही.

धारदार शस्त्र, दोन्ही बाजूंनी

येथे कोणी म्हणेल, मग प्रत्येक घराची जात नकाशावर टाका म्हणजे झाले! नाही. इथे फार सावध राहिले पाहिजे. मे १९४१ मध्ये नाझींच्या ताब्यातील ॲमस्टरडॅम शहरात पालिकेच्या यंत्रणेने एक नकाशा तयार केला. त्यावर काळे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. पालिकेची नोंदणी अत्यंत चोख होती, म्हणून नकाशाही चोख झाला. पुढे त्या शहरातल्या ज्यूंची धरपकड होऊन त्यांना मृत्युछावण्यांत पाठवण्यात आले. तेथील नोंदणी इतकी चोख नसती तर ते काम जल्लादांना इतके सोपे गेले नसते.

कोल रनचा नकाशा आणि ॲमस्टरडॅमचा नकाशा यांचे तंत्र एकच आहे. फरक एवढाच की, एक नकाशा पीडितांनी आपल्या हक्कासाठी केला आणि दुसरा सत्तेने पीडितांना शोधण्यासाठी केला. म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. सोयींची माहिती वस्तीच्या पातळीवर खुली हवी, घराची आणि माणसाची माहिती खुली नको. पाणवठा कुठे आहे, रस्ता कुठे संपतो, स्मशानभूमी आहे की नाही, हे ठिपक्याने दाखवा. तक्रारदार कोणत्या घरात राहतो, हे दाखवू नका. अत्याचाराचे प्रकरण प्रसिद्ध करायच्या नकाशावर टाकताना तालुक्याच्या पातळीवर टाका. टॅब्लो पब्लिकसारख्या मोफत सेवेवर प्रसिद्ध केलेला नकाशा जगभर कोणालाही दिसतो आणि त्यामागची यादी उतरवून घेण्याची सोयही असू शकते, हे विसरू नका. उत्साहाच्या भरात आपल्याच माणसाचा पत्ता वैऱ्याच्या हाती देऊ नये.

कायद्यानेच नकाशा मागितला आहे

मग करायचे काय? आपल्या अनेक कार्यकर्त्यांच्या लक्षात न आलेली एक बाब सांगतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ मध्ये, जिथे अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांवर अत्याचार होण्याची शक्यता आहे असे भाग निश्चित करणे, हे सरकारचे काम म्हणून सांगितले आहे. १९९५ च्या नियमांतील नियम ३ मध्येही हेच आहे. भाग निश्चित करणे म्हणजे दुसरे काय? नकाशा काढणे! नियम १७ नुसार जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. त्या बैठकीत आपले सदस्य तोंडी तक्रारी करतात, अधिकारी 'पाहतो' म्हणतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि पुढच्या बैठकीला पुन्हा तेच. त्या टेबलावर एकदा नकाशा ठेवून पाहा.

तो नकाशा करण्यासाठी फार मोठी तयारी लागत नाही. दोन-चार शिकलेली मुले, एक लॅपटॉप, मोबाइल आणि चार-सहा रविवार पुरेत.

पहिला थर वस्तीच्या हद्दीचा. वस्तीभोवती चालत फिरा आणि मोबाइलवर त्या वाटेची नोंद करा. दुसरा थर सोयींचा. विहीर, हातपंप, नळकोंडाळे, शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, दवाखाना, समाजमंदिर, स्मशानभूमी, रस्त्याचा आणि गटाराचा शेवट, या प्रत्येकाचे ठिकाण नोंदवा. तिसरा थर वापराचा आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे आपली माणसे येतात काय? केव्हा येतात? आधी येतात की सगळ्यांचे झाल्यावर? कोणी अडवते काय? चौथा थर पैशाचा. माहितीच्या अधिकारात ग्रामपंचायत व पंचायत समितीकडून दलित वस्तीच्या निधीतून झालेल्या कामांची यादी मागा आणि प्रत्येक काम प्रत्यक्ष कुठे झाले ते जागेवर जाऊन पाहा.

हे चार थर क्यूजीआयएसमध्ये एकावर एक ठेवा. आधी नुसता सोयींचा थर दाखवा, गाव समृद्ध दिसेल. मग वस्तीची हद्द दाखवा. मग पाणवठ्याभोवतीचे वर्तुळ काढा. आणि शेवटी वापराचा थर उघडा. जिथे वर्तुळाच्या आत असूनही आपल्या घराला पाणी मिळत नाही, तिथे नवे महाड आहे. एका गावाचे हे काम झाले तर तक्रार होईल. तालुक्यातल्या वीस गावांचे झाले तर पुरावा होईल. कोल रनच्या लोकांनी हेच सिद्ध केले.

दुसरे काम संघटनांचे आहे. जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवली. आकडे गोळा होणे ही अर्धी लढाई आहे. ते कोणत्या पातळीवर प्रसिद्ध होणार, ही उरलेली अर्धी. राज्य आणि जिल्ह्याची बेरीज जाहीर करून बाकीचे कपाटात ठेवले, तर रंगीत नकाशे खूप निघतील आणि वस्ती पुन्हा अदृश्यच राहील. कोणाचेही नाव-घर उघड न करता, गावाच्या व वॉर्डाच्या आतल्या लहान गटापर्यंतचे सोयीसुविधांचे आकडे सामाजिक घटकांनुसार खुले करा, ही मागणी आंबेडकरी संघटनांनी एकमुखाने केली पाहिजे. जातगणना हवी म्हणून आपण घसा कोरडा केला. आता ती कोणत्या बारकाईने हवी, हेही सांगावे लागेल.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र आपण भिंतीवर लिहितो. आजच्या काळात 'शिका' या शब्दात थर जोडणे, फिल्टर लावणे आणि रंगामागचा भागाकार ओळखणे हेही येते. आपल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, ती असावीतच. त्या शेजारी एका संगणकावर आपल्या तालुक्याचा नकाशाही उघडा असावा आणि त्यात दर महिन्याला एका वस्तीची भर पडावी. या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या खर्चातला काही भाग वस्तीच्या पाहणीसाठी बाजूला काढला, तर ते बाबासाहेबांना केलेले खरे अभिवादन ठरेल.

वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला नकाशाबाहेर ठेवणे फार सोपे असते, कारण तो मुळातच कोणाच्या नजरेला पडत नाही. आपली वस्ती नकाशावर आपणच आणली पाहिजे. रंग कोणता भरायचा हे मग वास्तव ठरवील, कचेरीतला साहेब नव्हे!